सदिश, चतुःसीमा आणि व्हिडिओ गेमचे खटले
(स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या होत्या. विषय माझ्या कामाचा हवा आणि जेवणाआधीचं भाषण असल्यामुळे कुणाला झोप लागता कामा नये. पहिली अट मी पाळते आहे, दुसरीची हमी देत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पडद्यावरची माणसं बोलताना त्यांचे चेहरे हलवणारे प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. वकिलीशी माझा संबंध यायचं कारण नव्हतं. पण या धंद्यात नवीन काही करायला घेतलं की कुणाचं पेटंट आड येतं का, हे आधी बघावं लागतं. मग वकील समोर कागद ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, या शब्दाचा तुमच्या लोकांत नेमका अर्थ काय?" त्या निमित्ताने मी अमेरिकेतल्या कोर्टांचे निकाल वाचायला लागले, आणि वाचता वाचता मला आपले वर्ग आठवायला लागले. विज्ञानाचा तास, भूमितीचा तास आणि, हसू नका, मराठी व्याकरणाचासुद्धा.

आधी थोडी पायाभरणी करते. इथे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी खरेदीखत पाहिलेलं असेल. त्यात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याचा बांध. पेटंटाच्या कागदातही तसंच असतं. सुरुवातीला पानंच्या पानं वर्णन आणि आकृत्या, आणि शेवटी क्रमांक घातलेली काही वाक्यं. या वाक्यांना 'क्लेम' म्हणतात. मराठीत 'दावा' म्हणता येईल, पण कोर्टात लावतात तोही दावाच, म्हणून मी क्लेमच म्हणते. हा क्लेम म्हणजे चतुःसीमा. त्याच्या आतलं माझं, बाहेरचं सगळ्यांचं. क्लेममध्ये पाच गोष्टी सांगितल्या असतील आणि समोरच्याच्या यंत्रात त्यांतल्या चारच सापडल्या, तर साधारणपणे पेटंटाचा भंग झाला असं म्हणता येत नाही.

अमेरिकेत प्रत्येक क्लेम एकाच वाक्यात लिहायची रीत आहे. दीडदीडशे शब्दांचं एक वाक्य! आपल्या मराठीच्या बाईंनी त्यावर लाल शाईने काय लिहिलं असतं याची मी कल्पना करू शकते.

भांडण लागलं की पहिला प्रश्न येतो तो या वाक्यातल्या शब्दांचा अर्थ ठरवण्याचा. हे काम कुणाचं? ज्यूरीवर बसलेल्या सामान्य नागरिकांचं की न्यायाधीशाचं? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९९६ रोजी सोडवला. त्या दिवशी आपण सगळे दहावीची परीक्षा देऊन मोकळे झालो होतो आणि निकालाच्या धास्तीत होतो. तो खटला होता मार्कमन नावाच्या गृहस्थांचा, आणि विषय काय, तर ड्राय क्लीनिंगच्या दुकानात आलेल्या कपड्यांचा हिशेब ठेवण्याची पद्धत. सगळा वाद 'इन्व्हेंटरी' या एका शब्दावर. त्यात प्रत्यक्ष कपडे यायलाच हवेत, की नुसत्या पावत्या आणि पैशांचा हिशेब पुरे? ज्यूरीने मार्कमन यांच्या बाजूने कौल दिला, न्यायाधीशांनी तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की लेखी दस्ताचा अर्थ लावणं हे न्यायाधीशाचं काम. तेव्हापासून पुष्कळ पेटंट खटल्यांत शब्दांच्या अर्थाची वेगळी सुनावणी होते, तिला 'मार्कमन सुनावणी' असंच नाव पडलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी सरकारी मोजणी, मग अतिक्रमण झालं की नाही ते बघू. आणि खरं सांगायचं तर बरेच खटले मोजणीतच निकालात निघतात.

मोजणी कशी करायची याचा पाठ २००५ साली पडला. तुरुंगाच्या भिंतींत बसवायच्या पोलादी तावदानांचा खटला होता, फिलिप्स यांचा. पेटंटाची सगळी अपिलं जिथे जातात त्या फेडरल सर्किट कोर्टाने सांगितलं की आधी शब्दकोश उघडून बसू नका. त्या विषयातला जाणकार माणूस पूर्ण पेटंट वाचून त्या शब्दाचा जो अर्थ घेईल, तो अर्थ. म्हणजे पुढची वर्णनाची पानं हाच मुख्य आधार. पण त्याच निकालात दुसरी तंबीही आहे. वर्णनात एखादं उदाहरण दिलं म्हणून क्लेम तेवढ्या उदाहरणापुरता आवळू नका. आता या दोन सूचना एकमेकींच्या किती जवळून जातात बघा. वर्णन वाचून अर्थ लावायचा, पण वर्णनातली मर्यादा क्लेममध्ये घुसवायची नाही. या दोहोंमधली फट बोटभर आहे, आणि खेळांच्या धंद्यातले मोठमोठे खटले त्या बोटभर फटीत लढले गेले आहेत.

हे भांडण व्हिडिओ गेमइतकंच जुनं आहे. राल्फ बेअर आणि त्यांचे सहकारी बिल रश यांनी टीव्हीवर खेळायचा खेळ बनवला, तो १९७२ साली 'ओडिसी' या नावाने मॅग्नाव्हॉक्स कंपनीने बाजारात आणला. रश यांच्या पेटंटात दोन चिन्हांची भाषा आहे, एक मारणारं आणि एक मार खाणारं. म्हणजे बॅट आणि चेंडू. दोन्ही पडद्यावर एका जागी आली की मार खाणाऱ्याची चाल बदलते. १९७७ साली शिकागोचे न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी बेअर यांच्या पेटंटाला या कलेतलं पायाभरणीचं पेटंट ठरवलं. पुढे अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीवर खटला झाला तोवर तंत्र पार बदललं होतं. पेटंटातल्या सर्किटच्या जागी मायक्रोप्रोसेसर आणि प्रोग्राम आले होते. तरीही १९८५ साली कोर्टाने ते समतुल्य धरलं. ओढा सरकला, पण हद्द ओढ्याबरोबर सरकली. पहिलटकराला कोर्ट असा सैल हात देतं. नंतर आलेल्यांच्या वाट्याला तो फारसा येत नाही.

आता निन्टेन्डोच्या वी या खेळाची गोष्ट. तुमच्यापैकी परदेशात राहून आलेल्यांच्या घरी तो असेल. हातात रिमोट धरून टेनिस खेळायचं, दिवाणखान्यातली फुलदाणी फोडायची, तोच तो. रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा असतो आणि टीव्हीच्या वर किंवा खाली एक बारीक पट्टी ठेवायची असते. तिला 'सेन्सर बार' म्हणतात, पण तिच्यात सेन्सर वगैरे काही नाही, दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, बस्स. त्या पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी रिमोट चालतो. मी करून पाहिलंय, घरच्यांची बोलणी खात.

अल्टिमेटपॉइंटर नावाच्या कंपनीने निन्टेन्डोवर खटला भरला. त्यांच्या क्लेममधले शब्द होते 'हातात धरायचं उपकरण'. वीचा रिमोट हातातच धरतात, म्हणजे झालंच की! पण पेटंटाचं शीर्षकच मुळी 'थेट रोखण्याची' पद्धत असं होतं. वर्णनात जागोजागी थेट रोखण्याची थोरवी गायली होती. बोटाने दाखवावं तसं उपकरण जिकडे रोखाल तिथेच पडद्यावर खूण उमटते, हे किती नैसर्गिक, आणि माउससारखी आडवळणाची साधनं किती गैरसोयीची. कोर्टाने म्हटलं, तुम्हीच एवढं ठासून सांगितलंय, तर तुमचं 'हातात धरायचं उपकरण' म्हणजे थेट रोखायचं उपकरण. वीचा रिमोट पडद्याकडे बघतच नाही, तो पट्टीकडे बघतो. पट्टी दुसरीकडे ठेवली तर तुम्ही तिकडे रोखाल आणि खूण मात्र पडद्यावर हलेल. म्हणजे हे थेट नव्हे. फेडरल सर्किटने मार्च २०१६मध्ये हे मान्य केलं. दोन मेणबत्त्यांचा प्रयोग केलेल्या मला तो निकाल वाचताना मोठी मौज वाटली. जी गंमत म्हणून करून बघितली, तीच खटल्याची कळ होती.

क्लेममध्ये 'थेट' हा शब्द नव्हता, तरी तो वाचला गेला. काही लोक यावर नाक मुरडतात. फिलिप्समधली तंबी विसरलात का, म्हणतात. मला स्वतःला कोर्टाचं बरोबर वाटतं. एखाद्या मार्गाची निंदा करून पेटंट मिळवायचं आणि नंतर त्याच मार्गाने चालणाऱ्याकडून पैसे मागायचे, हे काही खरं नाही.

आता ज्या खटल्यासाठी मी एवढा वेळ घेतला, तो सांगते. हा थेट माझ्या कामातला आहे.

गेममधलं पात्र बोलतं तेव्हा आवाजाबरोबर ओठ हलले पाहिजेत. व्याकरणात बाईंनी आपल्याला शिकवलं होतं : प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. त्या वेळी मागच्या बाकावर आपण सगळे 'पप्पा, मम्मी' म्हणून एकमेकांचे ओठ बघत होतो. अ‍ॅनिमेशनचे कलाकार वर्षानुवर्षं तेच करत आले. वाक्यातला एकेक उच्चार ऐकायचा आणि हाताने चेहरा बसवायचा. मॉरी रोझेनफेल्ड यांनी १९९७ साली पेटंटासाठी अर्ज केला तो हे काम नियमांनी आपोआप करण्याच्या पद्धतीसाठी. त्यातली हुशारी अशी की एकेका उच्चाराकडे सुटं न बघता आधीचा, नंतरचा आणि त्यांच्या वेळा बघायच्या. उदाहरणार्थ, शांततेनंतर बोलायला सुरुवात करताना आवाज फुटण्याच्या किंचित आधीच तोंड उघडायला लागतं. आरशात बघा.

त्यांच्या मॅक्रो या कंपनीने २०१२च्या सुमारास बांदाई नामको आणि इतर बऱ्याच बड्या गेम कंपन्यांवर खटले भरले. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅलिस नावाच्या खटल्यात सांगितलं की अमूर्त कल्पना संगणकावर चालवली एवढ्यावर पेटंट मिळणार नाही. त्याच्या आधाराने कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने मॅक्रोची पेटंटं रद्द ठरवली. अपिलात १३ सप्टेंबर २०१६ रोजी फेडरल सर्किटने ती जिवंत केली. कारण लक्षात घेण्यासारखं आहे. कोर्ट म्हणालं, हा क्लेम 'ओठ आपोआप हलवणं' ही अख्खी कल्पना बळकावत नाही. त्यातले नियम विशिष्ट प्रकारचे आहेत, एकामागून एक येणाऱ्या उच्चारांचा क्रम तपासणारे. दुसऱ्या प्रकारच्या नियमांनी हे काम करायला लोक मोकळे आहेत. म्हणजे पेटंट वाचलं ते अरुंद होतं म्हणून. आमच्या धंद्यात त्या निकालाचा गाजावाजा झाला, सॉफ्टवेअर पेटंटांना पुन्हा धुगधुगी आली असं म्हणत लोक त्याचे दाखले द्यायला लागले.

मग खटला खाली गेला आणि मुख्य प्रश्नाला आला : या कंपन्यांनी भंग केला का? इथे सरकन सगळं येऊन ठेपलं ते एका शब्दावर. तो शब्द 'व्हेक्टर'. आपल्या पुस्तकातला सदिश!

आपण पाठ केलं होतं, ज्या राशीला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात ती सदिश राशी. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर बाण काढून सांगितलं होतं, आणि बाणाचं टोक विसरलं की अर्धा गुण जायचा. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर गणितात कळलं की सदिश म्हणजे आकड्यांची क्रमाने लावलेली कुठलीही यादी असू शकते. आणि प्रोग्राम लिहायला लागल्यावर तर सी प्लस प्लस या भाषेत 'व्हेक्टर' म्हणजे नुसता वाढत जाणारा डबा, त्यात किराणा मालाची यादीसुद्धा भरता येते. दिशा गेली कुठच्या कुठे.

आता तंत्र सांगते, एकच मिनिट. संगणकातला चेहरा म्हणजे हजारो बिंदू. पहिल्या पद्धतीत एक मिटल्या तोंडाचा, निर्विकार चेहरा असतो आणि एक 'ओ' म्हणणारा चेहरा. पहिल्यातल्या प्रत्येक बिंदूपासून दुसऱ्यातल्या त्याच बिंदूपर्यंत एकेक बाण काढायचा. अर्धा 'ओ' हवा असेल तर प्रत्येक बाण अर्धा चालायचा. पेटंटातल्या क्लेममध्ये ज्या 'वजनांचा' उल्लेख आहे ती ही वजनं, कुठला बाण किती चालायचा ते सांगणारी. दुसरी पद्धत हाडांची. चेहऱ्याच्या आत कळसूत्री बाहुलीसारखी हाडं बसवायची. जबड्याचं हाड फिरवलं की त्याला बांधलेले सगळे बिंदू फिरतात. इथे बिंदूबिंदूचे बाण कुठे साठवलेले नसतात, हाड किती सरकलं आणि किती फिरलं याचे आकडे असतात.

गेम कंपन्या म्हणाल्या, आम्ही हाडं वापरतो. मॅक्रोचं म्हणणं असं की सदिशाचा व्यापक गणिती अर्थ घ्या, हाडांचे आकडे हीसुद्धा आकड्यांची यादीच आहे, म्हणजे तीही सदिश. गणित म्हणून हे चूक नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी पूर्ण गुण दिले असते. पण कोर्टाने विचारलं ते वेगळंच. गणितात काय होतं ते असू द्या, या पेटंटात काय होतं? आणि पेटंटात लिहिलं होतं, एका आकृतीतल्या बिंदूपासून दुसऱ्या आकृतीतल्या बिंदूपर्यंतचा सदिश. 'पासून' आणि 'पर्यंत'. ज्याला पासून-पर्यंत आहे तो त्रिमितीतला बाण, परिमाण आणि दिशा असलेला. २० मे २०२० रोजी फेडरल सर्किटने हाच अर्थ कायम केला. हाडांत असे बाण नाहीत, म्हणून भंग नाही.

आपल्या सरांची व्याख्या अमेरिकेच्या अपील कोर्टात जिंकली, सर! अर्धा गुण कापायचात ते योग्यच होतं असं मी आज इतक्या वर्षांनी जाहीर करते.

गमतीचा भाग सोडला तर या निकालात माझ्यासारखीचं बरंच काही अडकलेलं होतं. मी लिहिते त्या प्रोग्राममध्ये बाणही असतात आणि हाडंही, बहुतेक ठिकाणी दोन्ही मिसळून. अर्थ उलटा लागला असता तर हाडांनी ओठ हलवणारे कितीतरी लोक मागच्या वर्षांच्या भरपाईसाठी कुंपणाच्या आत ओढले गेले असते, आणि हे पेटंट वाचून 'आपण तर हाडांनी करतो' म्हणत निर्धास्त झालेल्यांची फसगत झाली असती. रोझेनफेल्ड यांच्याबद्दल मात्र मला वाईट वाटतं. उच्चारांच्या क्रमाचे नियम ही त्यांची खरी हुशारी, आणि तिचा हाडांशी किंवा बाणांशी तसा काही संबंध नव्हता. ते नियम हाडांवरही चालले असते. अर्जात मात्र बाणांची भाषा आली आणि तीच हद्द ठरली. न्याय म्हणून मला निकाल पटतो, पण कारागीर म्हणून हळहळ वाटते. आणखी एक गोष्ट खटकते. एका शब्दाचा अर्थ ठरायला आठेक वर्षं लागली. बड्या कंपन्या तेवढे वकील पोसू शकतात. चार जणांची टोळी एखाद्या फ्लॅटमध्ये बसून गेम बनवत असेल तर ती निकालाची वाट न बघता तडजोड करेल किंवा खेळच बदलेल.

तुमच्या मुलांना पालवर्ल्ड हा खेळ ठाऊक असेल. त्यातल्या प्राण्यांना गोळा फेकून पकडतात. सप्टेंबर २०२४मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने त्याच्या निर्मात्यांवर टोकियोच्या कोर्टात खटला भरला. निर्मात्यांनी खेळातला गोळा फेकून प्राणी बाहेर काढण्याचा प्रकार खटला चालू असतानाच बदलून टाकला. जपानच्या पेटंट कायद्याच्या ७०व्या कलमातही तेच आहे, क्लेममधल्या शब्दांचा अर्थ वर्णन आणि आकृत्या ध्यानात घेऊन लावायचा. देश बदलला तरी मोजणीची साखळी तीच.

आपल्याकडे काय, असं काल एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, तिचा मुलगा गेम बनवतो. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातल्या तिसऱ्या कलमात दोन पोटकलमं तिने वाचून ठेवावीत. एकानुसार निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही, आणि दुसऱ्यानुसार खेळ खेळण्याच्या पद्धतीला नाही. म्हणजे नवीन पद्धतीची लगोरी शोधून काढली तरी ती सगळ्या गल्लीची. पण हे झालं आपल्या हद्दीत. मुलाचा गेम अमेरिकेत विकायला गेला की तिथली चतुःसीमा लागू. तिथे त्याला कुणी नोटीस पाठवली तर घाबरून जाण्याआधी क्लेम काढावा, त्यातला प्रत्येक शब्द अधोरेखित करावा आणि मग मागची वर्णनाची पानं वाचावीत, आणि तोही शब्द कळला नाही तर कुणा जाणकाराला विचारावं.

माझ्याकडे परवाच वकिलांनी एका नव्या अर्जाचा मसुदा तपासायला पाठवला आहे. त्यात 'व्हेक्टर' हा शब्द अकरा ठिकाणी आहे. प्रत्येक ठिकाणी समासात मी पेन्सिलीने प्रश्न लिहिला आहे : "बाण की यादी?" उत्तरं अजून यायची आहेत.

कुणाला काही विचारायचं असेल तर जेवणाच्या रांगेत भेटते.